सातचा भोंगा आणि आमचे बाक

परवा रात्री नऊ वाजून गेल्यावर शेजारची तिसरीतली मुलगी रडवेली होऊन आमच्याकडे आली. तिच्या आईचा फोन बंद पडला होता आणि दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ त्या फोनवर यायचा होता. ओळखीच्या एका पालकाला सांगून तो माझ्या फोनवर मागवला. त्याच्या जोडीला शाळेची एक सूचनाही आली : पालकांनी मुलांचा स्क्रीन टाइम कटाक्षाने कमी करावा. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुष्कळ शाळांत आता हीच रीत पडली आहे. पण मला खरंच संताप आला. दुपारी वर्गात समोर बसलेल्या मुलीला फळ्यावर दोन ओळी लिहून देता येत नाहीत? गृहपाठ वहीत उतरवून घेणं हासुद्धा अभ्यासच होता. तो आपण फोनच्या हवाली केला आणि वर फोन कमी करायची जबाबदारी त्या दमलेल्या आईवर टाकली.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. करोनाकाळात ऑनलाइन वर्गांसाठी मुलांच्या हाती आलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात, त्यातून हे सुरू झालं. सुरुवातीला लोक हसले होते. मग बायकांची सभा घेतली, घरोघरी जाऊन समजावलं, तेव्हा गावाने मनावर घेतलं.

या भोंग्यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे तो सगळ्यांसाठी वाजतो. एरवी आपल्या घरांत नियम मुलांना असतो. बाबा बातम्या बघत असतात, आजी मालिका बघत असते, आणि मधोमध एका पोराला पुस्तक उघडून बसवलेलं असतं. त्याला तो अन्याय वाटतो, आणि तो अन्यायच आहे.

दुसरं, एकट्यादुकट्याच्या निग्रहावर माझा विश्वास उरलेला नाही. ज्याला संपणंच नाही असं पान बोटाखाली सरकत राहावं, ही युक्ती आझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने 2006 मध्ये काढली, आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. वाचताना पान संपलं की माणूस मान वर करतो, उठतो, पाणी पितो. ती थांबायची जागाच काढून घेतली आहे. अशा यंत्रापुढे एकट्या बाईने किंवा दहा वर्षांच्या पोराने मनोबल दाखवावं, ही अपेक्षा मला निर्दयपणाची वाटते. शिवाय एकट्याने फोन ठेवून करायचं काय? बाकी सगळे फोनमध्ये असताना बोलायला कोणी नसतं. सगळ्यांनी एकाच वेळी ठेवला, तरच समोर माणूस सापडतो.

हे मी आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सांगत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘फोन ठेवतो हो, पण जाऊन बसू कुठं?’’

या प्रश्नावर मी अडले. वडगावात देऊळ आहे, अंगणं आहेत. आमच्या इमारतीच्या फाटकाशी सिमेंटचे दोन बाक होते. संध्याकाळी जिने चढण्याआधी बायका तिथे टेकायच्या. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, मेथी कुठे स्वस्त मिळाली, हे तिथेच कळायचं. मुलं बाकाभोवती पळापळी खेळायची. म्हातारी माणसं तिथे नुसती बसायची, आणि एखादे दिवशी कोणी आलं नाही तर दुसरं कोणी वर जाऊन बेल वाजवायचं. मग गाड्या वाढल्या. दोन मोटारींच्या जागेसाठी बाक फोडून टाकले. सभेत एक हातही विरोधात उठला नाही. मी त्या आठवड्यात याच सदरात लिहिलं होतं, आणि काही वाचकांनी आपापल्या गल्लीतल्या पाडलेल्या कट्ट्यांची, पाराभोवती घातलेल्या कुंपणांची पत्रं पाठवली होती.

आता बाकावरची तीच माणसं आपापल्या दिवाणावर फोन घेऊन बसलेली असतात. त्यांना व्यसनी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बसायची जागा गेली, म्हणून त्यांची संध्याकाळ फोनमध्ये गेली. झोप उडते, मान धरते, विनाकारण चिडचिड होते, असं तीच सांगतात. डॉक्टरही फोन कमी करा म्हणतात. पण बाक परत आणा, असं कोणत्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं?

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी अर्ज दिला आहे : फाटकाजवळच्या दोन जागा मोकळ्या करून बाक पुन्हा बांधावेत, वर चांगला उजेडाचा दिवा लावावा, आणि सात ते आठ सर्वांनी फोन घरी ठेवून खाली यावं. भोंगा आम्हाला परवडणार नाही, आजूबाजूला दवाखाने आहेत. वॉचमनदादा फाटकावरची घंटा वाजवायला आनंदाने तयार आहेत. पहिल्या जागेच्या मालकांनी आपली गाडी रस्त्यापलीकडे लावायचं कबूल केलंय. दुसरे अजून नाही म्हणतात. त्यांच्याकडे मी उद्या पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी काकांनाही सोबत नेणार आहे.