रोजची गोळी आणि लोकांची नजर

जून उजाडला की उदगीर, अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांतील मुले पेटी आणि वळकटी घेऊन लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत दाखल होतात. त्यांतील काहींच्या पेटीच्या तळाशी, कपड्यांच्या घडीखाली, औषधाची एक डबी दडविलेली असते. कोणाला अपस्माराचा विकार असतो, कोणाचे चित्त एका जागी ठरत नाही म्हणून डॉक्टरांनी रोजची गोळी सांगितलेली असते. निघताना आईने बजावलेले असते, 'कोणाला दिसू देऊ नकोस.' मधुमेहाची गोळी चारचौघांत घेता येते. मेंदूची गोळी मात्र चोरून घ्यावी लागते. असे का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आईची भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. हिंदू विवाह कायद्याने १९७६ च्या दुरुस्तीनंतर अपस्मार हा विवाहातील अडथळा मानला होता. ते कलम वगळण्यास १९९९ साल उजाडावे लागले. कायद्यातून शब्द गेला, मनातून गेला नाही. आजही झटका आला की कांदा वा वहाण हुंगविली जाते, आणि सोयरीक जुळवताना गोळीची गोष्ट झाकली जाते. या लपवाछपवीची किंमत मूल मोजते. खोलीत कोणी असले की गोळी चुकते, गोळी चुकली की झटका येतो, आणि तो नेमका परीक्षेच्या तोंडावर येतो.

यात आणखी एका शब्दाची भर पडते : 'नशा'. रोज घ्यावे लागणारे औषध म्हणजे व्यसन, अशी सोपी समजूत रूढ आहे. वास्तविक १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजा आणि चरस यांना मनाई करतो. त्याच कायद्याच्या अनुसूचीत अपस्मारावरील फेनोबार्बिटल आणि अतिचंचलतेवरील मेथिलफेनिडेट ही औषधेही आहेत. परंतु वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगासाठी हाच कायदा दार उघडे ठेवतो. औषध आणि नशा यांतील भेद कायद्याला कळतो. तो आपल्याला कळू नये, हे खेदजनक आहे.

भांगेच्या झाडाचीही हीच कथा आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉक्टर ओ'शॉनेसी यांनी १८३९ मध्ये या वनस्पतीच्या औषधी प्रयोगांची नोंद केली. झटके येणाऱ्या एका तान्ह्या मुलावरील उपचारही तीत होता. पुढे जवळपास पावणेदोन शतकांनी, २०१८ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच वनस्पतीतील कॅनाबिडिऑल या घटकाला बालवयातील दोन दुर्धर अपस्मारांवर मान्यता दिली. या घटकाने नशा चढत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने ही वनस्पती सर्वांत कडक यादीतून काढली, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले.

याचा अर्थ गांजाचा उदोउदो करावा असा मुळीच नाही. तपासलेले, मोजून दिलेले औषध वेगळे आणि वसतिगृहामागे ओढलेली चिलीम वेगळी. स्वमग्नता किंवा अवधानाच्या अडचणींवर गांजा गुणकारी आहे, असे ठरविण्याइतका पुरावा आज नाही. उलट कोवळ्या वयात तो रोज ओढल्याने मनोविकाराचा धोका वाढतो. पण चिलमीचा धिक्कार करताना गोळीचाही धिक्कार होऊ लागला, तर व्यसन थांबत नाही, केवळ उपचार थांबतो. ज्याला डॉक्टरांकडे जाण्याची लाज वाटते, तोच भलत्या वाटेला लागण्याची भीती अधिक.

'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या मुलांना वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु सर्वांना एकाच साच्यात बसविणारी घोकंपट्टी, ज्यांच्या मेंदूची घडणच वेगळी आहे त्यांना आळशी वा मठ्ठ ठरविते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांना मान्यता दिली आहे. योग्य प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत वाढीव वेळ मिळू शकतो. हे किती शिक्षकांनी पालकांना सांगितले? त्या अर्जावर बसून राहण्याऐवजी किती कारकुनांनी तो तत्परतेने पुढे पाठविला?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवावे, त्याच्या तोंडात काही घालू नये, एवढे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवे. वसतिगृहाच्या अधीक्षकाने गोळीची वेळ जेवणाच्या वेळेइतकीच साधी मानावी. सोबत्यांनी चेष्टा करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कोणीही औषध बंद करू नये.

उद्याचे डॉक्टर घडविणाऱ्या या दोन शहरांत आजच्या रुग्णाला औषध लपवावे लागत असेल, तर त्या विद्येत कुठेतरी खोट आहे. पेटीच्या तळाशी असलेली ती डबी उशाशी ठेवता आली पाहिजे. ते धैर्य मुलाकडून मागण्यापूर्वी आपण आपली नजर बदलू या.