उंदीर मेला, पण त्याच्या अंगावरच्या पिसवांचं काय?

भातकापणी झाली की शेतातले उंदीर घरांकडे वळतात. उरण तालुक्यातल्या जासईसारख्या गावात तर शेतीला लागूनच भराव, कंटेनर यार्ड आणि पडीक जागेवर माजलेलं गवत. उंदीर-घुशींना लपायला जागाच जागा. त्यावर घरोघरी उपाय एकच, विषाची गोळी. हा उपाय चुकीचा नाही, पण अर्धवट आहे.

पिसवा आणि गोचीड रक्तावर जगतात. प्राणी मेला आणि त्याचं अंग थंड पडलं की त्या तिथे थांबत नाहीत, दुसरं ऊबदार अंग शोधतात. घरात ते अंग कुत्र्याचं, मांजराचं किंवा जमिनीवर झोपलेल्या मुलाचं असू शकतं.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवीपासून प्लेग पसरला, तेव्हा मेलेल्या उंदरांचा आजाराशी संबंध दिसत होता, पण दुवा सापडत नव्हता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी तो दुवा म्हणजे पिसू असल्याचं दाखवलं. बरीच वर्षं त्यांचं कुणी ऐकलं नाही, हा भाग वेगळा. पुढे १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी दिसण्याआधी लोकांची तक्रार होती ती पिसवांची. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप आला. तिथेही तेच सूत्र: माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पालापाचोळ्यात उतरतात आणि काजूच्या बागेत काम करणाऱ्याला चिकटतात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. बिळांच्या तोंडाशी आणि भिंतीच्या कडेला आधी पिसवा मारणारी पावडर, मग विष. मेलेला उंदीर शेपटीला धरून रस्त्यावर भिरकावू नये. त्यावर कीटकनाशक फवारावं, थोडा वेळ थांबावं, हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधावा आणि खोल पुरावा. कुत्र्या-मांजरांना पिसवांचं औषध पशुवैद्याला विचारूनच द्यावं. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन मांजराला विषारी ठरतं. गोचीड नखांनी चिरडू नये, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी.

स्क्रब टायफसचं मात्र थोडं वेगळं आहे. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या तापाने माणसं दगावली. तो पसरवणारी माइटची पिल्लं डोळ्यांना जेमतेम दिसतात, एरवी उंदरांवर पोसली जातात. पण यातला जंतू माइटच्या आईकडून पिल्लांत उतरतो, त्यामुळे नुसते उंदीर संपवून धोका जात नाही. इथे खरं काम आहे अंगणालगतचं गवत कापण्याचं. गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, परतल्यावर ते धुवावेत आणि आंघोळ करावी.

पावसाळ्यानंतर ताप आला की पहिला संशय डेंग्यू-मलेरियावर जातो. त्याच वेळी काख, जांघ, कंबर इथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली आहे का, तेही पाहावं. ती बहुधा दुखत नाही, त्यामुळे लक्षात येत नाही. सगळ्यांनाच ती येते असंही नाही. म्हणून गवतात किंवा शेतात गेलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. डॉक्सिसायक्लिनसारखं स्वस्त औषध यावर चालतं, मात्र ते वेळेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू व्हायला हवं.

आणि विष न घालताच एकाच आळीत चार-पाच उंदीर मरून पडलेले दिसले, तर ते उचलण्याआधी ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं.