गवत कापणारे यंत्र आणि गवत कापणारे हात

नोकरीनिमित्त अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने परवा दूरध्वनीवर बोलताना सहज एक गोष्ट सांगितली. त्याच्या वसाहतीतील हिरवळ कापण्यासाठी दर गुरुवारी तीन माणसे ट्रक घेऊन येत असत. गेल्या उन्हाळ्यापासून ती येईनाशी झाली. त्यांच्या जागी कासवाच्या आकाराचे एक बुटके यंत्र दिवसभर मुकाट्याने हिरवळीवर फिरत असते. बॅटरी उतरली की ते आपण होऊन ठाण्यावर परतते आणि वीज भरून घेऊन पुन्हा कामाला लागते. “यंत्र उत्तमच आहे, सर,” तो म्हणाला, “पण त्या तिघांचे पुढे काय झाले असेल?”

या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या अध्यापकाजवळ एक ठरीव उत्तर असते. यंत्राने काम स्वस्त होते, स्वस्ताईने मागणी वाढते, वाढत्या मागणीने नवे रोजगार निर्माण होतात आणि एका दाराने बाहेर पडलेला कामगार दुसऱ्या दाराने आत येतो. हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगतो आणि विद्यार्थी ते परीक्षेत आम्हांलाच परत करतात. ते खोटे आहे असे नाही. परंतु ते केव्हा खरे ठरते आणि केव्हा ठरत नाही हे तपासून पाहण्यास गवताचे हे उदाहरण फार उपयोगी आहे.

१८३० चे यंत्र

हिरवळ कापण्याचे यंत्र ही काही आजची गोष्ट नव्हे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली अशा पहिल्या यंत्राचा हक्क नोंदविला. लोकरी कापडावरील लव सारखी कातरण्याच्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. त्यापूर्वी हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने कापली जाई. ते काम कसबाचे होते आणि दवाने ओले गवत सहज कापले जात असल्याने पहाटे करावे लागे. साहजिकच हिरवळ बाळगणे ही सरदार-जमीनदारांची चैन होती.

बडिंगच्या यंत्राने विळेकऱ्याचे कसब निरुपयोगी केले यात शंका नाही. पण त्याच यंत्राने हिरवळ मध्यमवर्गाच्या अंगणात आणली. क्रीडांगणे, उद्याने, उपनगरांतील घरे असा तिचा विस्तार होत गेला. अमेरिकेत तर आज हिरवळीखालील जमीन सव्वा लाख चौरस किलोमीटरांच्या घरात असावी, असा उपग्रह-छायाचित्रांच्या आधारे केलेला अंदाज आहे. सबंध महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. तेथे उद्यान व हिरवळीच्या निगेवर दहा लाखांहून अधिक माणसे जगतात. म्हणजे एका यंत्राने विळेकऱ्याचे काम घेतले आणि त्याच्या अनेक पटींनी रोजगार परत केला. ठरीव उत्तर येथे अक्षरशः खरे ठरले.

मग १८३० साली जे घडले तेच आज का घडू नये? याचे उत्तर मागणीच्या लवचिकतेत आहे. तेव्हा हिरवळ हवी असूनही परवडत नव्हती अशी लक्षावधी कुटुंबे होती. काम स्वस्त होताच मागणी उसळून वर आली. आज अमेरिकेत व युरोपात ज्याला हिरवळ हवी त्याच्याकडे ती आहे. कापणीचा खर्च निम्म्यावर आला म्हणून कोणी घरासमोरचे अंगण दुप्पट करणार नाही. उलट पाण्याच्या टंचाईमुळे हिरवळ कमी करण्याकडे कल दिसतो. नेवाडा राज्याने २०२१ साली केलेल्या कायद्याने लास व्हेगास परिसरातील केवळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास २०२७ पासून बंदी घातली आहे. मागणी वाढावयास जागाच उरलेली नसेल, तर यंत्राने वाचविलेले श्रम त्याच धंद्यात परत सामावले जातील, ही आशा व्यर्थ होय.

यंत्र काय करू शकते?

अर्थात यंत्राच्या शक्तीविषयी अतिशयोक्ती करण्याचेही कारण नाही. स्वीडनमधील हुस्कवार्ना कंपनीने सूर्यप्रकाशावर चालणारे असे यंत्र १९९५ साली बाजारात आणले, त्याला तीस वर्षे झाली. प्रारंभी हिरवळीच्या कडेने जमिनीत तार पुरून यंत्राला हद्द आखून द्यावी लागे; अलीकडची यंत्रे उपग्रहांच्या संकेतांवर आणि कॅमेऱ्यांवर वाट काढतात. ती दररोज थोडेथोडे गवत कापतात आणि त्याचा बारीक चुरा जागच्या जागी खत म्हणून पडू देतात. सपाट, मोकळ्या आणि बंदिस्त जागेत त्यांचे काम नामांकित असते. परंतु कुंपणालगतच्या कडा नीट करणे, झुडपांची छाटणी, शरद ऋतूतील पानगळ गोळा करणे, फुटलेली पाण्याची नळी बदलणे, रोपे लावणे, ही कामे त्यांना येत नाहीत. शिवाय यंत्राला राखणदार लागतो. ते चोरीला जाते, खड्ड्यात अडकते, त्याची पाती बदलावी लागतात. जर्मनीतील कोलोन शहराने तर २०२४ साली ही यंत्रे रात्री चालविण्यास मनाई केली, कारण रात्री बाहेर पडणारे साळूसारखे छोटे काटेरी प्राणी त्यांच्या पात्यांखाली जखमी होत होते.

एवढ्यावरून अनेक लेखक असा निष्कर्ष काढतात की यंत्र फक्त एक काम घेईल, नोकरी घेणार नाही. हा निष्कर्ष घाईचा आहे. एक साधे गणित पाहू. समजा, तीन माणसांची एक टोळी आठवड्याला प्रत्येकी ४० तास, म्हणजे एकूण १२० तास काम करते आणि त्यांपैकी निम्मा वेळ गवत कापण्यात जातो. ते ६० तास यंत्राने घेतले आणि यंत्रांच्या देखभालीचे २० तास नव्याने वाढले, तर उरतात ८० तास. ८० तासांना दोन माणसे पुरतात. तिघांपैकी कोणाचेही काम संपूर्णपणे यंत्राने घेतलेले नाही, तरीही एक माणूस घरी बसला! ‘यंत्र माणसाची जागा घेणार का’ हा प्रश्न एका माणसाकडे पाहून विचारला तर उत्तर ‘नाही’ असे येते. टोळीकडे पाहून विचारला तर ते ‘होय’ असे येते.

आणखी एक गोष्ट. या धंद्यात दर आठवड्याची कापणी हे बांधील उत्पन्न असते. छाटणी, लागवड ही कामे अधूनमधून निघतात आणि जो कापणीला येतो त्यालाच ती मिळतात. कापणी गेली म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात नियमाने उभे राहण्याचे निमित्तच जाते. यंत्र पगाराचा निम्मा भाग नेते एवढेच नव्हे, तर उरलेल्या निम्म्याचा आधारही सैल करते.

टंचाईचा युक्तिवाद

यावर यंत्राचे पुरस्कर्ते म्हणतात की अमेरिकेत या कामाला माणसेच मिळत नाहीत. यातही तथ्य आहे. हंगामी कामासाठी परदेशी मजूर आणण्याचा जो परवाना तेथे आहे, त्याची वार्षिक मर्यादा ६६ हजार असून त्यात हिरवळ-उद्यानांच्या धंद्याचा वाटा सर्वांत मोठा असतो. पण ‘माणसे मिळत नाहीत’ या वाक्यातील गाळलेले शब्द अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नेहमी भरून वाचावेत. या मजुरीला, या उन्हात, या अटींवर माणसे मिळत नाहीत, असा त्याचा पूर्ण अर्थ आहे. ताशी १८ डॉलरांच्या आसपास वेतन आणि तेही हंगामापुरते, अशी ही नोकरी आहे. परवान्यावर आलेला मजूर तर सामान्यतः एकाच मालकाशी बांधलेला असतो. त्याने अधिक मजुरी मागितली तर मालकाजवळ आता दुसरा पर्याय तयार आहे. यंत्र प्रत्यक्ष खरेदी न करताही मजुरीवर दाब ठेवते.

रिकार्डोसारख्या विचारवंताला हे उमगावयास वेळ लागला होता. यंत्राने सर्वच वर्गांचा लाभ होतो असे त्याचे पूर्वीचे मत होते. आपल्या ग्रंथाच्या १८२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण घातले आणि यंत्रे आपल्या हिताला बाधक ठरतात हे मजुरांचे मत म्हणजे निव्वळ अडाणीपणा नव्हे, अशी प्रांजळ कबुली दिली. देशाचे निव्वळ उत्पन्न वाढत असतानाच मजुराचा वाटा घटू शकतो, हे त्याने मान्य केले. आपली चूक छापून सांगण्याचे हे धैर्य आजच्या अर्थतज्ज्ञांनीही आठवावे असे आहे.

आपल्या अंगणातील गोष्ट

आपल्याकडे हा यंत्रमानव लवकर येईल असे मला वाटत नाही. माळ्याचा महिन्याचा पगार आणि यंत्राची किंमत यांचे प्रमाणच असे आहे की येथे ते कोणाला परवडू नये. पण म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही, कारण जे व्हावयाचे ते आपल्याकडे वेगळ्या यंत्राने आधीच झाले आहे.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत माजते. पूर्वी ते कापण्यासाठी शेजारच्या वस्तीतील चार बाया विळे घेऊन येत. तीन आठवडे त्यांचे काम चाले. रोजची मजुरी मिळे आणि संध्याकाळी डोक्यावर गवताचा भारा जाई, तो घरच्या शेळ्या-म्हशींना पुरे. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने खांद्याला अडकविण्याचे पेट्रोलवरचे यंत्र आणले. एका तरुणाने तीन दिवसांत मैदान साफ केले. यंत्राने गवताच्या चिंध्या होतात, त्या जनावरांच्या उपयोगाच्या नसतात. त्या कोपऱ्यात रचून जाळण्यात आल्या. त्या बायांची मजुरी गेली आणि वैरणही गेली. ठेकेदाराचे दरपत्रक मंजूर करणाऱ्या समितीवर प्रस्तुत लेखकही होता. रक्कम कमी होती, म्हणून मी सही केली. त्या चौघींचे पुढे काय झाले, हे मी तेव्हा विचारले नाही. हा प्रश्न मला सात समुद्रांपलीकडून ऐकावा लागला, याची लाज वाटते.

याउलट आपल्या बँकांचे उदाहरण पाहा. यांत्रिकीकरणाविषयी कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात १९८३ साली रीतसर करार झाला. संगणक टप्प्याटप्प्याने आले. २०००-०१ च्या सुमारास सुमारे एक लाख कर्मचारी सार्वजनिक बँकांतून स्वेच्छानिवृत्त झाले, पण ते भरपाई घेऊन. या व्यवस्थेत त्रुटी नव्हत्या असे नाही. तथापि यंत्र येणार म्हणजे कोणाशी तरी बोलावे लागते, काही मोजून द्यावे लागते, हे तत्त्व तेथे मान्य झाले होते. कारकुनाच्या आणि गवत कापणाऱ्या बाईच्या नशिबातील हा फरक यंत्राने केलेला नाही. एकाच्या मागे संघटना होती, दुसरीच्या मागे कोणी नव्हते.

काय करता येईल?

यंत्रे मोडा, असे सांगण्याचा माझा हेतू नाही. दिवसभर ओणवे होऊन विळा चालविणे हे कष्टाचे काम आहे आणि कष्ट कमी व्हावेत हे कोणीही इष्टच मानील. प्रश्न वाचलेल्या कष्टांचा लाभ कोणाच्या पदरात पडावा हा आहे. महानगरपालिका, विद्यापीठे, शासकीय वसाहती हीच आपल्याकडील हिरवळींची आणि मैदानांची मोठी मालक मंडळी आहेत. दरपत्रके मागविताना पूर्वी ते काम करणाऱ्या माणसांना प्रथम संधी द्यावी, अशी अट त्यांना सहज घालता येईल. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्थांची परंपरा जुनी आहे. माळीकाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या अशा संस्थेला यंत्र घेण्यास कर्ज आणि ते चालविण्याचे शिक्षण दिले, तर तेच यंत्र ठेकेदाराचे न राहता मजुराचे होईल. ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मान्य केला, त्या राज्याला ही कल्पना परकी वाटू नये.

माझ्या विद्यार्थ्याला मी अखेर एवढेच सांगितले की, ते तिघे उपाशी राहिले नसतील. त्यांतील एक बहुधा यंत्रांची देखभाल शिकला असेल, दुसरा छाटणीच्या कामावर असेल आणि तिसऱ्याला दुसरे, कदाचित कमी मजुरीचे काम शोधावे लागले असेल. हिशेबाच्या वहीत हा तिसरा माणूस कोठेच दिसत नाही, कारण त्याची मजुरी तेथे ‘बचत’ या नावाने जमा झालेली असते. महाविद्यालयाच्या यंदाच्या बैठकीत मैदानाच्या गवताचा विषय येईल, तेव्हा त्या चौघींचा शोध घेऊन त्यांना विचारावे, असा ठराव मी मांडणार आहे. तो मंजूर होईलच असे नाही. पण या वेळी प्रश्न विचारल्यावाचून सही करणे मला जमणार नाही.