नळातून औषध नको

मुलांचे दात किडतात, म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घाला, असा आग्रह अंबरनाथ पश्चिमेतले एक सुशिक्षित गृहस्थ भेटेल त्याच्याकडे धरतात. अमेरिकेत ग्रँड रॅपिड्समध्ये १९४५ साली हे सुरू झालं, दात सुधारले, खर्च किरकोळ. आपण क्लोरीन घालतोच, मग विरोध करणारे विज्ञानाचे वैरी, असं त्यांचं म्हणणं.

क्लोरीनचा दाखला गैरलागू आहे. क्लोरीन पाण्यातले जंतू मारायला असतं, फ्लोराइड पिणाऱ्याच्या दातांवर उपचार करायला. उपचाराला संमती लागते.

माझा खरा राग मात्रेवर आहे. लिटरमागे किती मिलिग्रॅम हे जलशुद्धीकरण केंद्रात ठरेल, पण कोणी किती लिटर प्यायचं हे कोण ठरवणार? मे महिन्यात एमआयडीसीत भट्टीसमोर उभा असलेला कामगार आणि एसीत बसलेला कारकून सारखं पाणी पितात का? अमेरिकेनेही १९६२ साली हवामान पाहून ०.७ ते १.२ मिलिग्रॅम अशी मात्रा सुचवली होती, उष्ण भागाला कमी. २०१५ साली ती सगळीकडे ०.७ वर आणली. त्यात आपला चहा, ज्याच्या पानातच फ्लोराइड असतं. पावडरच्या दुधावरचं तान्हं बाळ तर वजनाच्या मानाने सगळ्यात जास्त पाणी पोटात घेतं. शिवाय इथे कुणाकडे बदलापूरच्या बॅरेजचं पाणी येतं, कुणाकडे चिखलोली धरणाचं, कुणाकडे बोअरचं, टँकरचं नाहीतर जारचं. ज्याच्या घरी आरओ आहे, त्याच्या पाण्यातलं बहुतेक फ्लोराइड गाळलं जाणार. म्हणजे सक्ती उरते ती आरओ न परवडणाऱ्यांवर, आणि हे त्या गृहस्थांना खटकतही नाही याची मला चीड येते.

माणशी रोज १३५ लिटर हा शहरी निकष. पिण्यात दोन-तीन लिटर जातं. बाकीचं मोरीतून वाहून जाणार, आणि वालधुनी नदीत आधीच काय कमी आहे?

मिठात आयोडीन चालतं, मग पाण्यात फ्लोराइड का नको, हे जुनं भांडण इथे उकरलं जातं. उन्हाळ्यात कोणी तिप्पट मीठ खात नाही, एवढं उत्तर पुरे.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या गावांत भूजलातल्याच फ्लोराइडने दातांवर डाग पडले, हाडं वाकली. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने ते काढायची नालगोंडा पद्धत बसवली. तिथलं प्रमाण फार जास्त, हे मान्य. पण भारतीय मानकाची मर्यादा १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. उपकार आणि अपकार यांत एवढंच अंतर असताना ते रोज राखायची हमी कोण देणार?

दात वाचवायचे तर फ्लोराइडची टूथपेस्ट आहे. ती मूल थुंकतं आणि नको असेल तर आई बदलते. नगरपरिषदेच्या शाळांत दंततपासणी करा, मधल्या सुट्टीतल्या गोळ्या-बिस्किटांवर पालकांशी बोला. आणि आधी शहरातल्या बोअरच्या पाण्यात मुळात फ्लोराइड किती आहे ते दर उन्हाळ्यात तपासून आकडे वॉर्डाच्या फलकावर लावा.