स्पर्धा बँकांची, जोखीम ठेवीदारांची

मुलुंड, प्रतिनिधी

२४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी मुलुंड, भांडुप परिसरातील पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह अर्थात पीएमसी बँकेच्या शाखांसमोर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. आदल्या दिवशी रिझर्व्ह बँकेने या बँकेवर निर्बंध लादले होते. प्रत्येक खात्यातून सहा महिन्यांत केवळ १ हजार रुपये काढण्याची मुभा होती. निवृत्तांची पुंजी, दुकानदारांचे चालू खाते, गृहनिर्माण संस्थांचा दुरुस्ती निधी हे सारे एका रात्रीत गोठले. मुख्यालय भांडुपमध्ये असलेली ही बँक पूर्व उपनगरांतील मध्यमवर्गाला घरची वाटत होती. त्यामुळे हा धक्का केवळ आर्थिक नव्हता.

पीएमसीचे पतन हा मुख्यत्वे गैरव्यवहाराचा परिणाम होता, यात शंका नाही. तथापि सहकारी बँकांवर अशी वेळ वारंवार का येते, याचे उत्तर शोधण्यासाठी तीन दशके मागे जावे लागते.

उदारीकरणाची दोन टोके

१९९१ च्या नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९३ मध्ये नव्या खासगी बँकांसाठी दारे उघडली. पुढे व्याजदरांवरील नियंत्रणे टप्प्याटप्प्याने उठली. मुदत ठेवींचे दर १९९७ पर्यंत मुक्त झाले, तर बचत खात्यांचे २०११ मध्ये. खासगी बँकांमधील परकीय गुंतवणुकीची मर्यादा २००४ मध्ये ७४ टक्क्यांवर गेली. एटीएम, संगणकीकरण आणि स्वस्त गृहकर्ज यांचा लाभ ग्राहकांना निश्चितच झाला. नोकरदाराला घरासाठी कर्ज मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. बांधकामापासून वाहन उद्योगापर्यंत मागणी वाढली.

याची दुसरी बाजू नागरी सहकारी बँकांनी अनुभवली. नियमित पगाराचा, वेळेवर हप्ते भरणारा कर्जदार मोठ्या बँकांकडे वळला. ठेवीदार टिकवायचे तर त्याला अधिक व्याज द्यावे लागे. महाग ठेवी घेऊन स्वस्त कर्जे देणे परवडणारे नव्हते. परिणामी अनेक संस्था अधिक परताव्याच्या, पण अधिक जोखमीच्या कर्जांकडे झुकल्या. २००१ मधील माधवपुरा मर्कंटाइल बँकेच्या प्रकरणात हा ओढा शेअर बाजाराकडे होता, पीएमसीमध्ये तो बांधकाम व्यवसायाकडे दिसला. मार्च २००४ मध्ये देशात १,९२६ नागरी सहकारी बँका होत्या. मार्च २०२४ पर्यंत ही संख्या १,४७२ वर आली.

एकाच गटाकडे सारे

पीएमसीच्या सुमारे ११,६०० कोटींच्या ठेवी होत्या. कर्जे ८,३०० कोटींच्या घरात होती आणि त्यांतील जवळपास ६,५०० कोटी हाउसिंग डेव्हलपमेंट अँड इन्फ्रास्ट्रक्चर अर्थात एचडीआयएल या एकाच बांधकाम गटाकडे थकले होते. वस्तुतः एका कर्जदार गटाला भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपेक्षा अधिक कर्ज देण्यास त्या वेळच्या नियमांनुसार मनाई होती. २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड ही थकबाकी दडवल्याचा आरोप तपासात पुढे आला. एचडीआयएल २००७ च्या तेजीत शेअर बाजारात उतरली होती. २००८ च्या जागतिक मंदीनंतर बांधकाम क्षेत्राचा पैशाचा ओघ आटत गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जागतिक बाजारातील चढउतार उपनगरातील पासबुकापर्यंत पोहोचतात ते असे.

दोन बँका, दोन न्याय

५ मार्च २०२० रोजी येस बँकेवरही निर्बंध आले. तेथे पैसे काढण्याची मर्यादा ५० हजार रुपये होती. स्टेट बँकेच्या पुढाकाराने इतर बँकांनी भांडवल ओतले आणि १८ मार्चला, अवघ्या १३ दिवसांत, व्यवहार पूर्ववत झाले. पीएमसीच्या ठेवीदारांना मात्र विलीनीकरणासाठी २५ जानेवारी २०२२ पर्यंत, म्हणजे २८ महिने थांबावे लागले. येस बँक कोसळली असती तर संपूर्ण वित्तव्यवस्था हादरली असती, हे त्यामागचे तर्कशास्त्र. ते समजण्याजोगे आहे; पण मुलुंडमधील पेन्शनरच्या दृष्टीने दोन्ही बँकांचा नियामक एकच होता.

पीएमसी ज्या युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तिच्या प्रवर्तकांपैकी सेंट्रम समूहाबरोबर असलेल्या भारतपे या कंपनीत परदेशी गुंतवणूकदारांचा मोठा पैसा होता. ज्या जागतिक भांडवलाच्या स्पर्धेने सहकारी बँकांना कोंडीत पकडले, तेच येथे मदतीला आले. मात्र या मदतीची किंमत ठेवीदारांनी मोजली. ५ लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली. त्यावरील रक्कम टप्प्याटप्प्याने आणि मोठ्या ठेवींसाठी थेट १० वर्षांपर्यंत, तीही पहिली पाच वर्षे व्याजाविना. संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरील रकमेपैकी ८० टक्के हिस्सा अग्रहक्क भागांत रूपांतरित झाला.

बोध किती घेतला?

ठेव विम्याची मर्यादा १९९३ मध्ये १ लाख रुपये झाली होती. स्पर्धा खुली झाली, तरी ती पुढील २७ वर्षे तेवढीच राहिली. पीएमसीनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ती ५ लाख झाली. २०२० च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर रिझर्व्ह बँकेला अधिक अधिकार मिळाले. २०२१ च्या दुरुस्तीने विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याचे बंधन आले. या सुधारणा स्वागतार्ह आहेत; तथापि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतीलच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटींचा अपहार झाल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि ठेवीदार पुन्हा रांगेत उभे राहिले. त्या वेळी ऑगस्ट २०२५ पर्यंत सारस्वत बँकेत विलीनीकरण पार पडले, हाच काय तो फरक.

छोट्या बँका नाहीशा झाल्याने केवळ काही पाट्या उतरत नाहीत. किराणा दुकानदार, लघुउद्योजक, रिक्षामालक यांना ओळखीवर कर्ज देणारी यंत्रणा आक्रसते आणि हा वर्ग पुन्हा खासगी सावकाराच्या दारात जाण्याचा धोका वाढतो. मोठ्या बँकांत परदेशी भांडवल येतच राहील. २०२५ मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेने येस बँकेतील २० टक्क्यांहून अधिक हिस्सा घेतला. स्पर्धा रोखणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. मात्र स्पर्धेचे नियम सर्वांना समान असतील, तर संकटातील संरक्षणही समान असावयास हवे. तोवर जादा अर्धा टक्का व्याजामागे दडलेली जोखीम ओळखण्याचे आणि सारी पुंजी एकाच बँकेत न ठेवण्याचे काम ठेवीदारालाच करावे लागणार आहे.