शंकरपटाची परवानगी आणि बैलाचे भवितव्य

धानाची कापणी-चुरणी आटोपली, की वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील झाडीपट्टीत वर्षातले मोकळे दिवस सुरू होतात. दिवाळीनंतर मंडई आणि पुढे पौष-माघात शंकरपट, असा हा जुना क्रम आहे. २०११ नंतरच्या दशकात तो अनेकदा तुटला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींना सशर्त वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटक यांच्याबरोबर महाराष्ट्राचा कायदाही वैध ठरविला. त्या निकालावर गुलाल उधळला गेला आणि हळहळही व्यक्त झाली. उत्सव करणारे म्हणतात परंपरा जिंकली. हळहळणारे म्हणतात भूतदया हरली. ज्याच्या मानेवर जू आहे त्या बैलाचे पुढे काय, हा प्रश्न मात्र दोन्ही पक्षांच्या सभांतून सारख्याच सफाईने वगळला जातो.

शंकरपट ही घाटावरील बैलगाडा शर्यतीची नुसती वऱ्हाडी आवृत्ती नव्हे. दोन बैल आणि एक धुरकरी असा हा तिघांचा संघ. गाडी म्हणजे नावापुरता हलका छकडा. शेताच्या मातीत आखलेल्या सरळ पट्टीवरून, कोठे एकास एक जोडी अशी, तर कोठे नुसत्या घड्याळाशी, ही धाव होते. काही सेकंदांचा मामला. पण त्या सेकंदांसाठी मालक वर्षभर जोडीला जपतो, आणि घरच्या माणसांना मिळत नाही असा खुराक तिला घालतो. चंद्रपूर जिल्ह्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. पण ब्रह्मपुरी आणि आरमोरी यांच्यामधून वाहणारी नदी जशी दोन्हींची, तसा पटही दोन्हींचा राहिला. दिवसा पट आणि रात्री नाटक ही तर झाडीपट्टीची खास जोडगोळी. वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्यांनी तिकीट लावून, रात्र जागवून जी रंगभूमी पोसली, तिला प्रेक्षक मिळवून देण्यात पटाच्या गर्दीचा वाटा मोठा आहे. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेक नाट्यरसिकांना झाडीपट्टी म्हणजे काय याची प्रथमच चौकशी करावी लागली. तो भाग निराळा.

कायद्याचा प्रवास थोडक्यात असा. जुलै २०११ मध्ये केंद्र शासनाच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या पंक्तीत बैलालाही बसविले. म्हणजे खेळासाठी त्याचे प्रदर्शन किंवा शिक्षण निषिद्ध झाले. वाघाच्या जिल्ह्यात बैल वाघाच्या यादीत जावा, हा योगही पाहण्यासारखा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने ही बंदी कायम केली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी जनसागर लोटला, तमिळनाडूने कायदा बदलला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपली दुरुस्ती करून नियम तयार केले. ते मुंबई उच्च न्यायालयात अडले आणि चार वर्षांनी दिल्लीत सुटले. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी. पशुवैद्यकाचा दाखला हवा. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मज्जाव. मोडणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

कागदावर यापेक्षा अधिक काय मागावे? परंतु २०१४ च्या निकालातील एक मुद्दा घटनापीठाने कायदा वैध ठरविल्याने खोटा होत नाही. बैल हा घोडा नव्हे, त्याची शरीररचना धावण्यासाठी नाही, असे त्या निकालात म्हटले होते. शेतकऱ्याला हे सांगण्यासाठी न्यायालयाची गरज नव्हती. बैलाचे बळ ओढण्यात आहे, टिकण्यात आहे. ते सेकंदात मोजावयाचे, तर त्याला त्याच्या स्वभावाबाहेर पळवावे लागते. आणि स्वभावाबाहेर पळविण्याचे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. तुतारीची आर, पिरगळलेली शेपटी, टोचलेला खिळा ही काही प्राणिमित्रांची कल्पनासृष्टी नव्हे. न्यायालयापुढे या प्रकारांची छायाचित्रे ठेवली गेली होती. नियमांनी तुतारी काढून घेतली, पण तुतारीची गरज निर्माण करणारी मोजपट्टी तशीच ठेवली. लाखाचे बक्षीस सेकंदाच्या अंशावर ठरू लागले, की पशुवैद्यक मैदानाच्या एका टोकाला आणि मोह दुसऱ्या टोकाला, अशीच स्थिती होणार.

तथापि बंदी हा त्यावरचा उपाय होता, असेही म्हणता येत नाही. बंदीच्या काळातच बैलाच्या अर्थशास्त्रावर दुसरा घाव बसला. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यातील, विधिमंडळाने १९९५ साली संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीवर राज्यात बंदी आली. त्या निर्णयाचे गुणदोष येथे चर्चिण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यातून पाहिले तर चित्र असे दिसले: नांगराला ट्रॅक्टर आला, चिखलणीलाही ट्रॅक्टर आला, म्हाताऱ्या बैलाचा बाजार बंद झाला आणि उमद्या बैलाचा पटही बंद झाला. बैल ठेवावा तर चाऱ्याचा खर्च, विकावा तर गिऱ्हाईक नाही. बैलाचे रक्षण करणाऱ्या दोन कायद्यांनी मिळून बैल बाळगण्याचे कारणच काढून घेतले, हे कटू असले तरी खरे आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश मागील गणनेपेक्षा सहा टक्क्यांनी घटलेला दिसला. ही घट शर्यतबंदीमुळे झाली असे म्हणणे बालिशपणाचे ठरेल. पण उपयोग संपलेले जनावर नुसत्या दयेवर टिकत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

मग पट पुन्हा सुरू झाल्याने झाडीपट्टीचा बैल वाचला काय? येथे उत्सव करणाऱ्यांनीही थोडे थांबावे. या भागाचा आपला बैल कठाणी जातीचा. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याच नावाची नदी गडचिरोलीजवळून वाहते. हा बैल लहान चणीचा, थोड्या चाऱ्यावर भागवून घेणारा आणि धानाच्या बांधीतील गुडघाभर चिखलात दिवस काढणारा. आलापल्लीच्या बाजूचे सागवान कूपातून डेपोपर्यंत ज्या बंड्यांनी ओढून आणले, त्या काही शर्यतीच्या नव्हत्या. रस्ता नाही, पूल नाही, नाल्यात पाणी, चढावर मुरूम, अशा वाटेने कोसच्या कोस जाणे हीच येथील बैलाची खरी कसोटी होती. पटाची मोजपट्टी त्या गुणाला शून्य गुण देते. बक्षिसे जसजशी फुगतात तसतशा दूरच्या जिल्ह्यांतून ट्रकने जोड्या येतात. लांब टांगेचा पाहुणा जिंकतो, आणि घरचा कठाणी धुऱ्यावर उभा राहून टाळ्या ऐकतो. परंपरेच्या नावाने परवानगी मागितली गेली. त्या परंपरेचे जनावर मात्र मैदानाबाहेर.

या संदर्भात अमेरिकेतील एका शर्यतीचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून दरवर्षी ‘टेव्हिस कप’ नावाची घोडदौड होते. १९५५ साली ती सुरू झाली. वाट पक्क्या सडकेची नाही. शंभर मैल, दऱ्याखोऱ्यांतून आणि कड्यांच्या काठाने, चोवीस तासांच्या आत. घोडा आणि स्वार मिळून एक संघ. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्यक थांबलेले असतात. घोड्याची नाडी ठरलेल्या मर्यादेत उतरली नाही, तो लंगडला, त्याच्या अंगातील पाणी कमी झाले, की स्वार कितीही पुढे असो, त्याची शर्यत तेथेच संपते. पूर्ण केली तोच विजयी, ही तिची भावना. पहिला आलेल्यास मान आहेच. परंतु पहिल्या दहांतील ज्या घोड्याची प्रकृती शेवटी सर्वांत उत्तम, त्याच्यासाठी निराळा ‘हॅगिन कप’ आहे, आणि जाणकारांच्या लेखी तो उणा मानला जात नाही. तेथेही अपघात होतात, तेथेही टीका होते. पण नियमांची रचनाच अशी की जनावराला पिळणारा स्वार आपलेच नुकसान करून घेतो. आपल्या नियमांत क्रौर्य हा गुन्हा आहे. त्या नियमांत क्रौर्य हा पराभव आहे. पोलीस, पंच आणि गावपुढारी यांची जेथे एकमेकांशी सोयरीक असते, तेथे यांपैकी कोणता नियम अधिक पाळला जाईल, हे सांगावयास नको.

शंभर मैल बैल पळवावेत असा याचा अर्थ कोणी काढू नये. तो वेडेपणा होईल. पण पटाच्याच दिवशी, पटाच्याच मैदानालगत, स्थानिक जोड्यांसाठी टिकाऊपणाची कसोटी ठेवण्यास काय हरकत आहे? ठरावीक बांधीची नांगरट अथवा चिखलणी, वजनाची आणि वेळेची मर्यादा आखलेली, मध्ये सक्तीची विश्रांती, प्रत्येक टप्प्यावर पशुवैद्यकाची तपासणी. आणि गुण देताना निम्मे कामाला, निम्मे काम संपल्यावर बैल कसा उभा आहे त्याला. कठाणी जोडीसाठी वेगळा गट, वेगळे बक्षीस. सेकंदाच्या धावेतसुद्धा तपासणी सुटण्यापूर्वी एकदा करून भागू नये, पोहोचल्यानंतरही व्हावी आणि अंगावर वळ किंवा टोचल्याची खूण आढळली तर वेळ बाद व्हावी. यावर कोणी म्हणेल, लोक सेकंद पाहायला येतात, चिखलणी पाहायला कोण येणार? ही शंका अगदीच निराधार नाही. पण ज्या प्रेक्षकाला धानाच्या शेतातली अवघड वळण घेणारी जोडी ओळखता येते, असा प्रेक्षक महाराष्ट्रात कोठे उरला असेल तर तो याच दोन जिल्ह्यांत. त्याला आणखी दहा वर्षे फक्त घड्याळ दाखविले तर तोही उरणार नाही.

गर्दीचीही एक बाब आहे, जिच्याकडे परवानगीच्या कागदात क्वचितच लक्ष जाते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात वाघ आता राखीव क्षेत्राच्या रेषा पाळत नाहीत. पट संपवून, नाटक पाहून, पहाटेच्या अंधारात जंगलाच्या वाटेने पायी व सायकलीने परतणारी माणसे आणि उघड्यावर बांधलेल्या पाहुण्या जोड्या, या दोन्हींची काळजी आयोजकांवर सोपवून वन खाते मोकळे होऊ शकत नाही. मैदानाची जागा ठरवितानाच वन अधिकाऱ्यांचे मत घेतले जावे, आणि नाटकाची वेळ उजाडेपर्यंत लांबली तरी चालेल पण मध्यरात्री गर्दी रस्त्यावर येऊ नये, एवढे तर सहज करता येईल. झाडीपट्टीच्या नाटकाला उजाडेपर्यंत चालण्याचा सराव आहेच.

यांतील कशासाठीही पुन्हा दिल्लीची पायरी चढण्याचे कारण नाही. २०१७ चा कायदा राज्याचा, नियम राज्य शासनाचे आणि परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती. पशुसंवर्धन खात्याने गडचिरोली व चंद्रपूर येथील पशुवैद्यकांना बोलावून नाडी, श्वास आणि लंगडेपणा यांच्या मर्यादा ठरवून द्याव्यात, बक्षिसाच्या रकमेतील काही हिस्सा कठाणी गटासाठी राखण्याची अट परवानगीत घालावी, आणि हे सारे रोवणी संपण्यापूर्वी व्हावे. कापणीनंतर आयोजकांच्या पत्रिका छापून झालेल्या असतात, आणि मग कोणताही अधिकारी नवी अट घालण्याच्या भानगडीत पडत नाही.