प्रेमाच्या पडद्याआडची मजुरी

‘लव्ह इज ब्लाइंड’ ही नेटफ्लिक्सची अमेरिकन मालिका २०२० साली सुरू झाली. तरुण-तरुणी भिंतीआडून बोलतात व एकमेकांना न पाहताच विवाह ठरवतात. या प्रेमालाही कामाचे तास असतात! दिवसाला वीस-वीस तास राबवून आठवड्याला १,००० डॉलर दिले जात, मध्येच निघून जाणाऱ्यास ५०,००० डॉलर दंडाची अट होती, असा दावा एका स्पर्धकाने २०२२ मध्ये गुदरला. निर्मात्यांनी अर्थातच आरोप नाकारले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाने मात्र हे ‘सहभागी’ म्हणजे कामगारच, अशी भूमिका घेऊन निर्मात्यांविरुद्ध तक्रार दाखल केली. कामगार ठरल्यास त्यांना संघटना बांधून वेतनाचा सौदा करण्याचा कायदेशीर हक्क मिळतो. मालकांना खरी धास्ती आहे ती याचीच.